काळजीचा भार आणि हातातील मोबाइल

खानदेशातील शेती ही जोखमीची शेती आहे. वैशाखात तापीकाठच्या केळीबागांवर उष्ण वारे वाहू लागतात. त्यांतून बाग निभावली, तर मृगाच्या तोंडी येणारे वादळ घडांनी लवलेली झाडे आडवी करून जाते. दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे असतात. त्यांवर वर्षभर पाणी, खत व मजुरी खर्ची पडलेली असते आणि ते सारे अर्ध्या तासात जमिनीवर येते. रावेर, यावल, मुक्ताईनगर व चोपडा या तालुक्यांतील बागाईतदारांनी हा अनुभव पुनःपुन्हा घेतलेला आहे. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा, साक्री या बाजूस कोरडवाहू कापूस व बाजरी करणारा शेतकरी श्रावणात आभाळाकडे डोळे लावून बसतो, तर कांदा करणारा बाजाराकडे.

अशा शेतीबरोबर काळजी येणे स्वाभाविक आहे. बियाणे, खते, पाणी, कीड व रोग यांविषयी शेतकऱ्यांस नित्य माहिती दिली जाते. परंतु ज्या मनाने हे सर्व निर्णय घ्यावयाचे, त्या मनाच्या स्वास्थ्याचा विचार शेतीच्या पत्रिकांतून क्वचितच होतो. आज खेडोपाडी शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आहे. केळीचा भाव, हवामानाचा अंदाज, बँकेची सूचना आणि नातलगांचा निरोप ही सर्व त्या एकाच यंत्रातून येतात. पुष्कळदा काळजीही त्यातूनच येते. त्याच यंत्राच्या साहाय्याने मन थोडे स्थिर करता येईल काय, कितपत येईल, आणि कोठे मोबाइल बाजूस ठेवून माणसाकडे वळले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काळजी केव्हा उपयोगी, केव्हा घातक

कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. लागोपाठ ३ रात्री दर सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडू लागले म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात. एखाद-दुसरा पतंग दिसताच फवारणी करणे जसे शहाणपणाचे नव्हे, तसेच सापळे भरत असता तिकडे दुर्लक्ष करणेही नव्हे. काळजीचेही असेच आहे. थोडी काळजी उपयोगाची असते. ती माणसास वेळेवर बांधबंदिस्ती करावयास लावते, विम्याचा अर्ज मुदतीत भरावयास लावते. परंतु तीच काळजी पातळी ओलांडून गेली म्हणजे कामाच्या आड येते.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. धोका दिसताच हृदय जलद चालू लागते, श्वास आखूड होतो, स्नायू ताठतात. अंगावर आलेल्या बैलापासून दूर पळावयाचे असेल तर ही तयारी उपकारक ठरते. परंतु कर्जाचा हप्ता किंवा घसरलेला भाव हे काही पळून चुकविता येण्याजोगे धोके नव्हेत. शरीर मात्र तोच ताण तासन्‌तास धरून ठेवते. मग झोप तुटते, पोट बिघडते, घरात शब्दाला शब्द लागतो, आणि जे काम सकाळी उरकावयाचे ते दुपारपर्यंत रेंगाळते.

शेतीच्या दृष्टीने याहून मोठी हानी म्हणजे चुकीचे निर्णय. केळीवरील काकडी मोझॅक विषाणूचे उदाहरण घ्यावे. ढगाळ व दमट दिवसांत बागेत काही झाडांची पाने पिवळसर पट्ट्यांची होऊ लागतात. या विषाणूवर फवारणीने गुण येत नाही. रोगट झाडे मुळासकट उपटून नष्ट करणे, रोग वाहून नेणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करणे आणि बागेत काकडीवर्गीय पिके न घेणे, हाच मार्ग आहे. परंतु समजा, एखाद्या बागाईतदाराचे चित्त ठिकाणावर नाही. तो मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती पाहत बसतो, दुसऱ्या दिवशी दुकानातून तीन औषधे उधारीवर आणतो, ती एकत्र करून फवारतो, आणि रोगट झाड मात्र जिवावर आल्यामुळे उपटत नाही. पंधरवड्यात रोगही पसरतो आणि उधारीही वाढते. येथे त्याला ज्ञान कमी पडले असे नव्हे. कोणते झाड उपटावयाचे ते त्यास ठाऊक होते. कमी पडले ते स्वस्थ मन.

ध्यान ही खानदेशास नवी गोष्ट नव्हे

मोबाइलमधील ध्यानाची साधने परदेशातून आली असली, तरी त्यांच्या मुळाशी असलेला अभ्यास याच भूमीतील आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांतील सहाव्या अध्यायावरील प्रवचनाचा विषय चित्ताची एकाग्रता हाच होता. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनीही मनाच्या ओढाळपणाचे वर्णन शेतकऱ्याच्याच अनुभवातून केले आहे. मन भरकटते आणि त्यास पुनःपुन्हा वळवून आणावे लागते, हे खानदेशच्या मातीत पूर्वीच सांगितले गेले आहे.

पुढे १९६९ मध्ये सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून भारतात आले व विपश्यनेचे वर्ग घेऊ लागले. १९७६ पासून नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे त्यांचे केंद्र चालू आहे. धुळ्याजवळही ‘धम्म सरोवर’ हे विपश्यना केंद्र आहे. या पद्धतीची पहिली पायरी म्हणजे आनापान, अर्थात येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे केवळ लक्ष देणे. अमेरिकेत डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील वैद्यकीय विद्यापीठात अशाच अभ्यासाचा ८ आठवड्यांचा क्रम रुग्णांसाठी आखला व त्यास धार्मिक विधीपासून वेगळे ठेवले. हाच अभ्यास पुढे मोबाइलमध्ये उतरला. हेडस्पेस हे प्रसिद्ध ॲप पूर्वी बौद्ध भिक्षू असलेल्या एका इंग्रज गृहस्थाच्या आवाजाने लोकांपर्यंत पोहोचले. तात्पर्य, येथील माणूस ते वापरू लागला तर तो परक्याचे काही घेत नाही. आपलेच बियाणे दूरच्या दुकानातून परत आणतो, इतकेच.

ॲपमध्ये काय असते

अशा ॲपमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, शांत आवाजातील मार्गदर्शन: बसावे कसे, श्वास पाहावा कसा, मन भटकले तर काय करावे. दुसरी, वेळ मोजणारे घड्याळ, जे ठरलेली मिनिटे संपताच घंटा देते. तिसरी, रोजची आठवण व नोंद. काही ॲपमध्ये श्वासाची गती दाखविणारे चित्र असते. ते मोठे होऊ लागले की श्वास घ्यावयाचा, लहान होऊ लागले की सोडावयाचा. स्वस्थ माणूस मिनिटास साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो जाणीवपूर्वक मिनिटास ६ ते ८ वर आणला असता हृदयाची गती उतरते व ताठलेले अंग सैल पडते, असा अनुभव येतो.

पैसे घेणारी ॲप घेण्याची गरज नाही. विपश्यना परंपरेतील आनापानाचे मार्गदर्शन मराठीतून विनामूल्य ऐकावयास मिळते. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘वाय-ब्रेक’ नावाचे ५ मिनिटांचे ॲप काढले. त्यात काही सोपी आसने, प्राणायाम व ध्यान आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचे ॲपही २०२४ मध्ये निघाले असून, त्यात स्वतःची काळजी कशी घ्यावी याची माहिती आहे व समुपदेशकाशी बोलण्याची सोय आहे.

ॲप निवडताना एकच कसोटी पुरेशी आहे. ऐकणाऱ्यास आवाज समजला पाहिजे. इंग्रजी मार्गदर्शन अर्धवट समजून घेत बसणे म्हणजे आणखी एक ताण. ज्या घरात अहिराणी किंवा तावडी बोली बोलतात, अथवा सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या पाड्यांवर पावरी व भिल्ली बोलतात, तेथे पुस्तकी मराठीही परकी वाटते. अशा ठिकाणी एकाने ऐकून घ्यावे व आपल्या बोलीत इतरांस सांगावे. पुष्कळदा हेच ॲपपेक्षा अधिक उपयोगी पडते.

दहा मिनिटांची रीत

ज्यांनी पूर्वी कधी ध्यान केलेले नाही, त्यांनी पुढील क्रमाने आरंभ करावा.

१. वेळ ठरवावी. पहाटे गुरांची धार काढून झाल्यावर, किंवा सायंकाळी हातपाय धुऊन जेवणापूर्वी, अशी रोजच्या कामास जोडलेली वेळ धरावी. म्हणजे निराळी आठवण ठेवावी लागत नाही. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री येते, त्या आठवड्यात दुपारची वेळ धरावी. अपुरी झोप झालेला माणूस पहाटे ध्यानास बसला तर पेंगतो.

२. ॲप आदल्या दिवशीच उघडून पाहावे व शक्य असल्यास मार्गदर्शन मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे. शेतात नेटवर्क मिळतेच असे नाही. ध्यानाच्या वेळी मोबाइलचे इंटरनेट बंद ठेवावे, नाहीतर पाचव्या मिनिटास भावाचा संदेश येतो आणि बसणे व्यर्थ जाते.

३. ओट्यावर, खाटेवर किंवा झाडाखाली, पाठ ताठ परंतु अंग सैल ठेवून बसावे. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसण्यास हरकत नाही.

४. पहिली दोन मिनिटे श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. बळेच रोखून धरू नये.

५. पुढील सहा-सात मिनिटे श्वास आपल्या गतीने चालू द्यावा आणि नाकपुड्यांपाशी त्याचा स्पर्श कोठे होतो, एवढेच पाहावे.

६. मन कर्जाकडे, भावाकडे, मुलीच्या लग्नाकडे जाईल. ते जाणारच. गेले हे लक्षात येताच, स्वतःवर न चिडता, त्यास पुन्हा श्वासाकडे आणावे. गुराखी बांधावर गेलेले जनावर हाकारून परत आणतो. दहा वेळा गेले तर दहा वेळा आणतो. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास होय. मन एकदाही न हलणे हा काही यशाचा पुरावा नव्हे.

७. शेवटी लगेच उठू नये. आज करावयाचे एक काम मनात निश्चित करावे व मग उठावे.

पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे पुरेत. नंतर ती १० करावीत. पहिल्या दिवशी फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. रोज करून तीन-चार आठवड्यांनी झोप, चिडचिड व कामातील लक्ष यांत काही फरक पडला काय, ते स्वतःस व घरच्यांस विचारावे.

शांत झालेल्या मनाने काय करावे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ध्यानाने पडलेली केळी उभी राहत नाही व बँकेचा हप्ता भरला जात नाही. ध्यानाचे फळ एवढेच की, पुढील दहा मिनिटे माणूस आपल्या अडचणीकडे नीट पाहू शकतो. त्या दहा मिनिटांचा उपयोग केला नाही, तर ध्यान म्हणजे केवळ थोडी विश्रांती ठरते.

यासाठी वहीचे एक पान घेऊन मधोमध रेघ मारावी. डाव्या बाजूस ज्या काळज्यांवर आपल्या हाती काही उपाय आहे त्या लिहाव्यात; उजव्या बाजूस ज्यांवर नाही त्या. पाऊस केव्हा पडेल, कांद्याचा भाव पुढील महिन्यात काय होईल, या गोष्टी उजव्या बाजूस जातील. विम्याची पावती सापडत नाही, बँकेत जाण्याची लाज वाटते, पानांवर डाग कसले ते कळत नाही, या गोष्टी डाव्या बाजूस येतील. डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीसमोर कोणास भेटावयाचे व कोणत्या दिवशी, एवढे लिहावे.

पिकाचा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक आहे. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत तेथे मराठीतून सल्ला मिळतो. रोगट पान घेऊन पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रातही जाता येते. हवामानाची काळजी असेल तर दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, ‘मेघदूत’ ॲपवरील आपल्या जिल्ह्याचा सल्ला पाहावा. दर तासाला निरनिराळे अंदाज पाहिल्याने पावसात थेंबाचाही फरक पडत नाही. कर्जाचा प्रश्न असेल तर बँकेच्या अधिकाऱ्यास टाळण्याऐवजी हप्ता थकण्यापूर्वी भेटावे. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या गावांत पीककर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद असते, परंतु तीसाठी शेतकऱ्याने बँकेत जावे लागते. काळजीमुळे माणूस जे दार टाळतो, पुष्कळदा उपाय त्याच दारामागे असतो.

एकट्याने ॲप टिकत नाही

या साधनांचा उपयोग किती होतो, याची पाहणी शास्त्रज्ञांनी केलेली आहे. मानसिक आरोग्याच्या ॲपविषयी १७६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य व चिंता या दोहोंवर या ॲपचा लाभ होतो, परंतु तो लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. दुसरी अडचण टिकण्याची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, असे ॲप घेणाऱ्या शंभरांपैकी ३० दिवसांनंतर ते उघडणारे जेमतेम ३ ते ४ उरतात. ज्या बियाण्याची उगवण शेकडा तीन-चार आहे ते कोणी एकटेच पेरीत नाही. त्यास काहीतरी जोड द्यावी लागते. ही जोड म्हणजे माणसाची सोबत होय.

याचा वस्तुपाठ खानदेशाच्या शेजारीच मिळतो. नासिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या आय. एल. एस. संस्थेतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो पुढे आणला. त्यात गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुष निवडून त्यांस ऐकून घेण्याचे व धीर देण्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्या हाती स्मार्टफोन दिले. त्या फोनमध्ये बेकारी, घरातील भांडणे, दारू अशा नेहमीच्या दुःखांवरील लहान चित्रपट होते. कार्यकर्ता ते चित्रपट घरोघर दाखवी, त्यांवर बोलणे निघे, आणि बोलता बोलता ऐकणारा आपले मन मोकळे करी. ज्यास अधिक उपचाराची गरज दिसे त्यास दवाखान्याचा रस्ता दाखविला जाई. म्हणजे येथेही मोबाइल होताच. परंतु तो एका ओळखीच्या माणसाच्या हातात होता. पुढे हेच काम गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर करण्यात आले.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने गावातील कार्यकर्त्यांमार्फत असेच काम केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांप्रमाणे, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून दीड वर्षात शेकडा २७.२ पर्यंत गेले. दुःख पूर्वीही होते. विचारणारे कोणी नव्हते.

यावरून खानदेशातील गावांनी एवढा बोध घ्यावा. ध्यानाचे ॲप एकट्याने लपून वापरण्याऐवजी दोघातिघांनी मिळून वापरावे. शेतकरी गटाच्या बैठकीपूर्वी किंवा बचत गटाच्या सभेपूर्वी दहा मिनिटे एका मोबाइलवरून सर्वांनी ऐकावे. स्त्रियांच्या बाबतीत याची विशेष गरज आहे. निंदणी, वेचणी व घरकाम सांभाळून त्यांच्या वाट्याला स्वतःचा वेळ उरत नाही आणि पुष्कळ घरांत मोबाइल पुरुषाच्या किंवा मुलाच्या हातात असतो. काळजी मात्र त्यांच्या वाट्यास पुरती येते. गटात एका भगिनीकडे मोबाइल असला तरी दहा जणींचे काम भागते.

सावधगिरीच्या सूचना

ॲप हे औजार आहे व औजारास धार असते. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ध्यानाच्या ॲपला संपर्कांची यादी, छायाचित्रे किंवा संदेश पाहण्याची परवानगी लागत नाही. ती मागितल्यास देऊ नये. २०२२ मध्ये मोझिला या संस्थेने ३२ मानसिक आरोग्य व प्रार्थनाविषयक ॲपची तपासणी केली. त्यांपैकी २८ ॲप माहितीच्या गुप्ततेबाबत सावध राहावे अशी आढळली. आपल्या घरातील दुःख, कर्ज अथवा आजार ॲपमध्ये लिहून ठेवू नये. ‘पहिले सात दिवस फुकट’ असे सांगून बँक खाते जोडावयास लावणारे ॲप घेऊ नये. ध्यानाच्या ॲपमध्ये झळकणाऱ्या ‘ताबडतोब कर्ज’ अशा जाहिरातीस स्पर्शही करू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

काही व्यक्तींस डोळे मिटून बसल्याने अस्वस्थता वाढते. जुने दुःख उफाळून येते. अशांनी हट्टाने बसू नये. त्यांनी चालावे, बोलावे, कामात राहावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे ध्यान चालू केले म्हणून बंद करू नयेत.

कीटकनाशक फवारणाऱ्यांसाठी आणखी एक महत्त्वाची सूचना आहे. छाती धडधडणे, घाम येणे, अस्वस्थ वाटणे ही काळजीची लक्षणे आहेत. परंतु विषबाधेतही तीच दिसतात. फवारणीनंतर घामाबरोबर लाळ सुटणे, मळमळ, डोळ्यांतून पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे किंवा दम लागणे असे काही दिसले, तर ती काळजी नव्हे. अशा वेळी ध्यान करीत बसू नये. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाच्या डब्यासह तत्काळ दवाखाना गाठावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता कामा नये.

मोबाइल कोठे थांबवावा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात शेती व शेतमजुरी करणाऱ्या ४,२४८ व्यक्तींनी आत्महत्या केली. आत्महत्येमागे एकच कारण क्वचित असते. कर्ज, नापिकी, आजार, व्यसन व घरातील कलह एकमेकांत गुंतलेले असतात. एवढ्या गंभीर दुःखावर दहा मिनिटांचे ॲप हा उपाय म्हणून सांगणे ही प्रतारणा होईल.

म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील लक्षणे ओळखावीत. सलग दोन आठवडे झोप व भूक उडणे. पूर्वी आवडणाऱ्या कामात मन न लागणे. पारावर येणे, बोलणे बंद होणे. दारू अचानक वाढणे. ‘आता काही उरले नाही’, ‘माझा घरास भारच’ असे बोलणे. जमिनीची कागदपत्रे व देण्याघेण्याची एकाएकी निरवानिरव करू लागणे. यांपैकी काही दिसल्यास ॲपची शिफारस करून निघून जाऊ नये. बांधावर बसावे. ‘धीर धरा, सर्व ठीक होईल’ हे वाक्य बाजूस ठेवावे व ऐकून घ्यावे. ‘भाऊ, जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते.

त्यानंतर त्याच मोबाइलवरून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक स्वतः लावून द्यावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालते व तेथे मराठीतून बोलता येते. घरातील एका माणसास विश्वासात घ्यावे व त्या व्यक्तीस एकटे राहू देऊ नये. घरातील कीटकनाशके कुलुपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. हे काम त्याच दिवशी करावे. आशा सेविकेस कळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि गरज पडल्यास धुळे किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, सोबत करून न्यावे. आठ दिवसांनी पुन्हा त्या घरी जावे. ही दुसरी भेट पुष्कळदा राहून जाते, आणि खरी गरज तिचीच असते. जे ऐकले ते चावडीवर बोलू नये, हे सांगणे न लगे.

पाण्याची ओल किती खोल गेली आहे हे पाहिल्याशिवाय शहाणा शेतकरी पुढील पाळी देत नाही. मनाच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. ज्याची काळजी वरवरची आहे त्यास श्वासाची दहा मिनिटे व वहीचे एक पान पुरेल. ज्याची खोल गेली आहे त्यास माणूस पाहिजे, आणि कधी वैद्यही पाहिजे. मोबाइल दोन्हीकडे उपयोगी पडतो: एकदा कानाशी धरून स्वस्थ बसण्यासाठी, आणि एकदा मदतीस हाक मारण्यासाठी. यंदाच्या हंगामाची तयारी करताना शेतकरी बंधू-भगिनींनी बियाणे व खते यांच्या यादीत रोजची ही दहा मिनिटे जोडावीत, आणि प्रत्येक कार्यकर्त्याने १४४१६ हा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावा.